रॅली मोटारशर्यतीचा संगणकीय खेळ : गुणवत्तेचे निकष आणि नवेगाव बांध परिसरातील रस्त्यांचा संदर्भ

प्रस्तावना

मराठीत 'रॅली' हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या मनात प्रथम उभा राहतो तो झेंडे आणि घोषणा यांसह निघालेला मोर्चा, किंवा फार तर शाळेने काढलेली सायकल रॅली. मोटारशर्यतीच्या एका विशिष्ट प्रकारालाही हेच नाव आहे आणि त्या प्रकारावर आधारलेले संगणकीय खेळ गेली सुमारे तीस वर्षे जगभर खेळले जात आहेत, याची दखल महाविद्यालयीन वर्तुळात फारशी घेतली गेलेली नाही. विद्यार्थी खेळतात, अध्यापक त्याकडे वेळेचा अपव्यय म्हणून पाहतात, अथवा संगणकशास्त्र विभागाचा विषय समजून सोडून देतात. वास्तविक या खेळांत भौतिकशास्त्र, भूगोल, भाषाविज्ञान आणि मानसशास्त्र ही चारही क्षेत्रे एकमेकांत गुंतलेली आहेत. ती गुंतवण कितपत प्रामाणिकपणे केली आहे यावरच खेळाचा दर्जा ठरतो.

प्रस्तुत लेखाचे स्वरूप विवेचनात्मक आहे. चांगला रॅली-खेळ कोणता, या प्रश्नाचा विचार करताना गोंदिया जिल्ह्यातील नवेगाव बांध परिसरातील रस्ते उदाहरणादाखल घेतले आहेत. रॅली ही मुळात रस्त्याच्या ज्ञानाची परीक्षा असल्याने, ओळखीच्या रस्त्यावर तपासल्याशिवाय निकष हाती लागत नाहीत.

रॅली म्हणजे काय

बंदिस्त वर्तुळमार्गावरील शर्यतीत अनेक मोटारी एकाच वेळी सुटतात, तोच मार्ग पुनःपुन्हा कापतात आणि जी पुढे असते ती जिंकते. रॅलीचे तसे नाही. सर्वसामान्य रहदारीचे रस्ते काही काळ बंद करून त्यांचे 'विशेष टप्पे' पाडले जातात. मोटारी ठरावीक अंतराने एकेक करून सोडल्या जातात आणि सर्व टप्प्यांच्या वेळेची बेरीज करून क्रम लावला जातो. दोन टप्प्यांमधील जोडरस्त्यावर मात्र स्पर्धकालाही वाहतुकीचे नियम पाळावे लागतात. मोटारीत दोन माणसे असतात. एक चालवितो. दुसरा, म्हणजे सहचालक, आधी मंद वेगाने केलेल्या पाहणीत तयार झालेली टिपणे वाचून पुढील वळणे सांगत जातो. या टिपणांना 'पेसनोट्स' म्हणतात.

याशिवाय आपल्याकडे अधिक रुळलेला एक सौम्य प्रकार आहे. त्यात ठरवून दिलेला सरासरी वेग राखावयाचा असतो आणि लवकर पोचणाऱ्यालाही दंडगुण पडतात. मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनची महिलांसाठीची रॅली या जातीची. वेगाच्या खऱ्या रॅलीलाही महाराष्ट्र अनोळखी नाही. नाशिकच्या परिसरात 'रॅली ऑफ महाराष्ट्र' या नावाने राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत आणि पुण्याचे संजय टकले यांच्यासारख्या चालकांनी परदेशांतील रॅलींत भाग घेतला आहे. आशिया-पॅसिफिक अजिंक्यपद २०१३, २०१६ आणि २०१७ अशा तीन वर्षी जिंकणारे दिल्लीचे गौरव गिल यांना २०१९ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. मोटारक्रीडेतील व्यक्तीला हा पुरस्कार मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. जागतिक अजिंक्यपद मालिकेची फेरी मात्र भारतात कधी झालेली नाही.

पूर्व विदर्भातील वाचकाला शर्यत म्हटले की शंकरपट आठवेल. सरळ धावपट्टी, डोळ्यांसमोर धावणारी बैलजोडी आणि दोन्ही बाजूंना दाटलेले प्रेक्षक हे त्याचे रूप. रॅली याच्या अगदी उलट आहे. मार्ग वाकडा असतो, प्रतिस्पर्धी दिसत नाही आणि पुढचे वळणही दिसत नाही. चालक एकटाच घड्याळाशी झुंजत असतो. हा एकटेपणा सहन न होऊन अनेक खेळांनी रॅलीच्या नावाखाली आठ-दहा मोटारी एकाच वेळी रस्त्यावर सोडल्या. त्यामुळे खेळ गजबजला, परंतु त्यातील रॅली नाहीशी झाली.

जमिनीचा प्रश्न

रॅली-खेळाची पहिली कसोटी म्हणजे चाकाखालची जमीन. १९९० च्या दशकाच्या मध्यास आलेला सेगा कंपनीचा 'सेगा रॅली चॅम्पियनशिप' हा खेळ आजही नावाजला जातो तो मुख्यत्वे यामुळे, की डांबरावर आणि सुट्या मातीवर मोटार वेगवेगळी वागते ही गोष्ट त्याने खेळणाऱ्याच्या हाताला जाणवून दिली. तोपर्यंतच्या बहुतेक शर्यतींच्या खेळांत रस्त्याचा रंग बदलत असे, गुण बदलत नसे.

या फरकाचे परिमाण साध्या गणिताने दाखविता येते. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर वेगाने सपाट रस्त्यावरून जाणारी मोटार पूर्ण थांबवावयाची आहे असे समजू. घर्षण गुणांक ०.८ धरला (कोरडे डांबर) तर ब्रेक लागल्यापासून सुमारे ४० मीटर लागतात. ०.५ धरला (सुटी खडी) तर ६४ मीटर आणि ०.३ धरला (ओली चिकणमाती) तर १०६ मीटर. मोटार तीच, चालक तोच. चाकाखालची जमीन बदलली एवढ्यानेच अंतर अडीच पटींहून अधिक वाढले. ज्या खेळात हे अंतर वाढत नाही, तो दिसावयास कितीही सुंदर असला तरी रॅलीचा खेळ नव्हे.

परंतु घर्षण गुणांक म्हणजे जमिनीचे संपूर्ण वर्णन नव्हे, आणि सामान्य खेळ येथेच अडखळतात. सुट्या खडीवर चाक पूर्ण जाम झाले तर त्याच्यापुढे खडीचा छोटा ढीग साचतो आणि तो ढीगच मोटारीला अडवितो. त्यामुळे चाके जाम न होऊ देणारी आधुनिक ब्रेक-प्रणाली डांबरावर उपकारक असली तरी सुट्या खडीवर थांबण्याचे अंतर वाढवू शकते. तसेच डांबरावर मोटार थोडीशी तिरकी झाली की पकड झपाट्याने घटते, तर मातीवर बऱ्याच तिरकेपणापर्यंत पकड टिकून राहते. म्हणूनच कसलेले चालक वळणाच्या आधीच मोटार आडवी करतात. पाहणाऱ्याला तो थाट वाटतो; चालकाच्या दृष्टीने ती मातीची गरज असते.

नवेगाव बांधच्या रस्त्यांकडे वळल्यास या सूक्ष्मतेचे महत्त्व अधिक स्पष्ट होते. कोहमारा येथे राष्ट्रीय महामार्ग सोडून दक्षिणेकडे वळले की नवेगाव बांधवरून अर्जुनी मोरगावकडे जाणारा रस्ता लागतो. मुख्य रस्ता डांबरी, त्याला फुटणारे फाटे मुरमाचे, आणि त्यांच्याही पलीकडे शेतांत उतरणाऱ्या पांदणी. भंडारा-गोंदियाचा धान उत्पादक शेतकरी जमिनीला सरसकट 'माती' म्हणत नाही. काळी, भारी ती कन्हार. तिच्याहून हलकी ती मोरंड. धानाला मानवणारी पिवळसर, रेतीमिश्रित ती सिहार. आणि उंचवट्यावरची मुरमाड ती बरडी. पाणी धरण्याची, चिकटण्याची आणि वाळल्यावर भेगाळण्याची प्रत्येकीची रीत निराळी आहे. रॅली-खेळांत या सर्वांसाठी बहुधा एकच शब्द असतो, तो म्हणजे 'ग्रॅव्हल'. उन्हाळ्यात फुफाट्याने भरलेली कन्हारातील पांदण आणि रोवणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांनी चिखलाचे चर पडलेली तीच पांदण, यांना एका शब्दात बसविणे हे ज्ञानाचे दारिद्र्य आहे.

काही खेळांनी या दिशेने प्रगती केली आहे हेही नोंदविले पाहिजे. २०१९ च्या 'डर्ट रॅली २.०' मध्ये आधी गेलेल्या मोटारींमुळे रस्ता खराब होत जातो. प्रत्यक्षातही कोरड्या टप्प्यावर पहिल्या मोटारीला सुटी खडी झाडत जावे लागते, म्हणून मागून येणाऱ्यांना स्वच्छ मार्ग मिळतो. जमीन मऊ असेल तर उलट मागच्यांच्या वाट्याला चर येतात. एकटे खेळतानाही आधी गेलेल्यांच्या खुणा रस्त्यावर दिसतात आणि त्यातून रॅलीचे सामाजिक रूप प्रकट होते.

ग्रामीण महाराष्ट्रातील वाचकाला खेळाची परीक्षा घेण्यासाठी एक सोपी कसोटी सुचविता येईल. एकेरी डांबरी रस्त्यावर समोरून एसटी आली की आपण डावीकडची चाके साइडपट्टीवर उतरवितो. उजवी चाके डांबरावर, डावी मुरमावर. अशा वेळी जोराने ब्रेक दाबल्यास मोटार डांबराच्या बाजूला, म्हणजे नेमकी एसटीच्या अंगावर, ओढली जाते. हा अनुभव प्रत्येक चालकाच्या मनगटात साठलेला असतो. खेळातील मोटारीची दोन चाके रस्त्याच्या कडेला उतरवून ब्रेक दाबावा. ती ओढली गेली तर खेळ करणाऱ्यांनी चार चाकांचा स्वतंत्र विचार केला आहे. सरळच थांबली तर मोटारीखाली जमीन नसून चित्र आहे.

कानावर पडणारी माहितीही या संदर्भात दुय्यम नाही. पत्र्याच्या तळावर आदळणारे खडे, इंजिनाचा चढता स्वर, डांबर सुरू होताच टायरांचा बदललेला आवाज, यांवरून चालक डोळ्यांपूर्वी कानांनी रस्ता ओळखतो. आवाज बंद करूनही तितक्याच सफाईने खेळता येत असेल, तर त्या आवाजात माहिती नव्हती असे समजावे.

सहचालकाचे शब्द

रॅली-खेळाचा दुसरा आणि अधिक मूलभूत घटक म्हणजे भाषा. जमीन इतर शर्यतींतही असते. न दिसणाऱ्या रस्त्यावर दुसऱ्याच्या शब्दाच्या भरवशावर वेग टिकविणे हे मात्र केवळ रॅलीचेच वैशिष्ट्य आहे.

१९९८ मध्ये कोडमास्टर्स या ब्रिटिश कंपनीचा 'कॉलिन मॅक्रे रॅली' हा खेळ प्रसिद्ध झाला. स्कॉटलंडचे कॉलिन मॅक्रे १९९५ चे विश्वविजेते होते. खेळातील सूचनांसाठी आवाज दिला तो त्यांचे प्रत्यक्षातील सहचालक निकी ग्रिस्ट यांनी. ही निवड केवळ जाहिरातीपुरती नव्हती. सूचना देणाऱ्याच्या स्वरात घाई केव्हा आणि संथपणा केव्हा, हे अभिनेत्याला सांगून जमत नाही. वळणाची तीव्रता आकड्यांत सांगण्याची पद्धत या खेळांमुळे जगभरच्या तरुणांना पाठ झाली. प्रचलित पद्धतींपैकी एकीत १ म्हणजे अत्यंत तीव्र वळण आणि ६ म्हणजे जवळजवळ सरळ. त्यापुढे पुढील वळणापर्यंतचे अंतर मीटरमध्ये, आणि मग इशारे: चढाचा माथा, आवळत जाणारे वळण, आतून कापू नये असे वळण.

आता आधीचे गणित पुढे नेऊ. मोटार सेकंदाला २५ मीटर वेगाने चालली आहे आणि तीव्र वळण १५० मीटरवर आहे. सूचना उच्चारावयास २ सेकंद लागली तर तेवढ्यात ५० मीटर सरले, उरले १००. वळण घेण्यासाठी पूर्ण थांबावे लागत नाही, वेग ताशी ३६ किलोमीटरपर्यंत उतरला तरी पुरे असे धरू. ओल्या चिकणमातीवर एवढा वेग उतरविण्यास सुमारे ८९ मीटर लागतात. म्हणजे हाती राहिले ११ मीटर. मात्र सूचना ऐकून पाय ब्रेकवर पडेपर्यंत अर्धा सेकंद गेला तर साडेबारा मीटर खर्च होतात. याचा अर्थ तीच सूचना कोरड्या दिवशी वेळेवर आणि पावसाळी दिवशी उशिरा ठरते. कसलेला सहचालक त्यामुळे पाऊस पाहून बोलण्याची वेळ बदलतो. खेळात ध्वनिमुद्रित सूचना ठरलेल्या ठिकाणी वाजत असल्या तर हे साधत नाही. सूचना किती आधी ऐकू यावी हे खेळणाऱ्याला ठरविता येणे ही चांगल्या खेळातील किरकोळ सोय नसून त्याची गरज आहे.

या ठिकाणी मराठीच्या संदर्भात एक निरीक्षण नोंदवावेसे आहे. भारतीय रॅलीपटूंची टिपणे सर्वसाधारणपणे इंग्रजीत असतात. तथापि मराठी या कामाला अपुरी आहे असे मुळीच नाही. 'एकशे पन्नास' हा उच्चार लांब आहे खरा, परंतु मराठीला 'दीडशे' उपलब्ध आहे. 'अडीचशे' आहे, 'पाऊणशे' आहे. बाजारहाटात घासून लहान झालेले हे शब्द नेमके रॅलीला हवे तसे आहेत. 'डावे' आणि 'उजवे' यांच्या ध्वनींत गल्लत होण्याजोगे काही नाही. अडचण संभवते ती 'चार' आणि 'पाच' या आकड्यांत. दोहोंत तोच दीर्घ स्वर असल्याने इंजिनाच्या गोंगाटात कान फसू शकतो. त्यावर उपाय शोधणे हा भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याला शोभणारा प्रकल्प ठरेल. रस्त्याची स्थिती सांगणारे शब्द तर मुबलक आहेत: चढ, उतार, खाचर, चाकोरी, रपटा, पाळ. यांतील 'रपटा', म्हणजे नाल्यावरचा बुटका फरशी-पूल, याला इंग्रजी टिपणांत एका शब्दाचा चपखल पर्याय सहज सापडत नाही.

सहचालकाच्या शब्दाला खेळात एक शत्रू आहे, तो म्हणजे पाठांतर. एकच टप्पा विसाव्या वेळी खेळणाऱ्याला सूचनेची गरज उरत नाही. त्याचे हात वळणे ओळखतात आणि रॅलीचे रूपांतर वर्तुळमार्गी शर्यतीत होते. २०१७ च्या 'डर्ट ४' मध्ये संगणकाने नवनवे टप्पे जुळवून देण्याची योजना होती. कल्पना योग्य, परंतु जुळवणीचे तुकडे काही काळाने ओळखू येऊ लागतात आणि कोणी माणसाने न बांधलेल्या रस्त्याला स्वभाव नसतो. खरा रस्ता एखाद्या वडाला, विहिरीला वा कोणाच्या तरी बांधाला वळसा घालून गेलेला असतो. त्याच्या प्रत्येक वळणाला कारण असते. म्हणून दुसरा मार्ग, म्हणजे खऱ्या रस्त्यांवरून घडविलेले लांब टप्पे, अधिक फलदायी दिसतो. २०२३ च्या 'ईए स्पोर्ट्स डब्ल्यूआरसी' मध्ये तीस किलोमीटरपेक्षा लांब टप्पे आले. एवढे अंतर पाठ करणे अवघड असते, आणि थकलेले लक्ष पुन्हा सहचालकाकडे वळते.

या विवेचनाला एक अपवाद आहे आणि तो मान्य करावा लागतो. २०२० च्या 'आर्ट ऑफ रॅली' मध्ये मोटार वरून, पक्ष्याच्या नजरेने दिसते. पुढचे वळण दिसतच असल्याने सहचालक नाही. तरीही तो खेळ उत्तम आहे, कारण त्यातील मोटारीचे वजन आणि जमिनीची पकड विश्वसनीय आहे. त्याला मोटार चालविण्याचा उत्कृष्ट खेळ म्हणावे; रॅलीचा अर्धा भाग त्यात नाही.

चुकीची किंमत

२००९ च्या 'डर्ट २' मध्ये मोटार झाडावर आदळल्यास काही सेकंद मागे जाऊन चूक दुरुस्त करण्याची सोय होती. नवख्याला ती प्रिय वाटते. परंतु पुढील प्रत्येक किलोमीटरवर काही गमावण्याजोगे आहे, या जाणिवेवरच रॅलीतील एकाग्रता उभी असते. मागे जाता येऊ लागले की सहचालकाचा शब्द न ऐकण्याची किंमत शून्य होते. त्याच कंपनीने २०१५ च्या 'डर्ट रॅली' मध्ये ही सोय काढून टाकली, आणि जाणकारांनी त्या खेळाचे स्वागत केले.

कठोरपणाचे टोक म्हणजे २००४ चा 'रिचर्ड बर्न्स रॅली'. २००१ चे विश्वविजेते रिचर्ड बर्न्स यांच्या नावाचा हा खेळ आरंभी अनेकांना जवळजवळ खेळण्यापलीकडचा वाटला. त्यात एक रॅली-शाळा होती. ब्रेक, वजनाचे स्थानांतर, हातब्रेकचे वळण यांचे धडे त्यात क्रमाने दिले होते. म्हणजे खेळ कठोर होता, पण शिकवीत होता. केवळ शिक्षा करणारा खेळ आणि शिकवून मग परीक्षा घेणारा खेळ यांतील फरक अध्यापकांना वेगळा सांगावयास नको. या खेळाचा पुढचा भाग आला नाही. तरीही चाहत्यांनी त्यासाठी शेकडो टप्पे आणि मोटारी स्वतः तयार केल्या आणि वीस वर्षांनंतरही तो खेळला जात आहे. त्याचे चित्रण आज जुनाट दिसते. चित्रणाच्या मानाने जमीन आणि शब्द यांचे आयुष्य अधिक असते, याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण.

अशा शिक्षणाचा प्रत्यक्ष रस्त्याशी संबंध पोचू शकतो. उत्तर आयर्लंडचे जॉन आर्मस्ट्राँग हे प्रत्यक्ष रॅलीपटू; २०१८ मध्ये जागतिक रॅली मालिकेची संगणकीय अजिंक्यपद स्पर्धा त्यांनी जिंकली आणि त्यानंतर ते पुन्हा खऱ्या रॅलीत वरच्या श्रेणीपर्यंत पोचले. एका उदाहरणावरून नियम काढता येत नाही, मात्र दोन्हीकडील कौशल्ये परकी नाहीत एवढे त्यावरून दिसते.

महाराष्ट्राचा सहभाग आणि एक उणीव

कोडमास्टर्स कंपनीचा महाराष्ट्राशी असलेला संबंध फारसा परिचित नाही. २०१० मध्ये अनिल अंबानी यांच्या समूहातील रिलायन्स बिग एंटरटेनमेंटने या कंपनीत पन्नास टक्के भागभांडवल घेतले. कंपनीने पुण्यातही स्टुडिओ चालविला आणि दृश्यरचनेच्या कामात तेथील कलावंतांचा हात लागला. २०२१ मध्ये अमेरिकेच्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने संपूर्ण कंपनी विकत घेतली.

मराठी प्रदेशातील हात या निर्मितीत असूनही मराठी प्रदेशातील, किंबहुना भारतातील, एकही मातीचा टप्पा या कंपनीच्या रॅली-खेळांत आला नाही. 'एफ-वन २०११' मध्ये ग्रेटर नोएडाचा बुद्ध आंतरराष्ट्रीय मार्ग आला, कारण त्या वर्षी तेथे जागतिक शर्यत झाली. म्हणजे भारताचे गुळगुळीत डांबर खेळात पोचले, मुरूम पोचला नाही. याचे कारण दुर्लक्ष एवढेच नाही. हे खेळ बहुतांशी जागतिक मालिकेच्या वेळापत्रकामागून चालतात. जेथे फेरी होत नाही तेथला रस्ता मोजला जात नाही, आणि जो मोजला नाही तो घडविला जात नाही. १९९८ च्या पहिल्या खेळात इंडोनेशिया होता तोही त्या काळी तेथे जागतिक फेरी होत असल्याने.

एप्रिल २०२५ मध्ये कोडमास्टर्सने पुढील रॅली-खेळांचे काम थांबवीत असल्याचे जाहीर केले. सव्वीस-सत्तावीस वर्षांची परंपरा अशा रीतीने खंडित झाली. मोठ्या कंपनीच्या भरवशावर आपला रस्ता जगासमोर येईल ही आशा त्यामुळे आणखी दूर गेली आहे. उरतो तो 'रिचर्ड बर्न्स रॅली'च्या चाहत्यांचा मार्ग: ज्याचा रस्ता त्याने मोजावा.

नवेगाव बांधचा टप्पा घडवावयाचा झाल्यास

अशी मोजणी महाविद्यालयाच्या आवाक्यात आहे. त्यासाठी प्रथम मार्ग निवडावा लागेल आणि तेथेच पहिली मर्यादा येते. नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ चे. डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प घोषित झाला. या वनात मोटारशर्यतीची कल्पनाही करू नये. कल्पित टप्पासुद्धा उद्यानाबाहेरच्या गावरस्त्यांवरच आखावा, कारण खेळातील रस्ता पाहून खऱ्या रस्त्यावर जाणारे तरुण असतात. रॅली-खेळांतील अरण्ये जवळजवळ निर्जन असतात, आणि या खेळांचे सर्वांत मोठे असत्य तेच आहे. सायंकाळी नवेगाव बांधच्या रस्त्यावर चितळ आडवे येते, रानडुकरांचा कळप येतो. त्यांची सूचना देणारा सहचालक कोणाजवळ नसतो. रॅलीच्या वेळी रस्ता बंद असतो म्हणून तेथे वेग क्षम्य आहे. गावचा रस्ता कधीच बंद नसतो. हा भेद विद्यार्थ्याला स्पष्ट शब्दांत सांगणे हे अशा प्रकल्पाचे पहिले काम राहील.

रस्ता वेगाने नव्हे, पायी मोजावयाचा आहे. भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी चढउतार, रुंदी आणि मातीची जात नोंदवावी. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी टायरचा तुकडा वजनाखाली ठेवून ताणकाट्याने ओढावा आणि कोरड्या व ओल्या मुरमाचा घर्षण गुणांक काढावा. वर वापरलेले ०.५ आणि ०.३ हे आकडे गृहीत धरलेले आहेत, त्यांच्या जागी तेथले आकडे येतील. मराठीच्या विद्यार्थ्यांनी टिपणे लिहावीत. नवेगाव बांध येथे वनाधिकारी म्हणून राहिलेल्या मारुती चितमपल्ली यांनी जंगलातील माणसांकडून शब्द टिपले आणि त्यांतून मराठीची निसर्गविषयक परिभाषा वाढली. रस्त्याच्या शब्दांचे तसे टिपण अद्याप व्हावयाचे आहे, आणि ट्रॅक्टर व बैलगाडी हाकणाऱ्यांइतके त्याचे जाणकार कोण असणार.

या परिसराने टप्प्याला काय दिले असते याची कल्पना करता येते. नवेगावचा तलाव अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचे सांगितले जाते. डोंगरांमधील वाट अडवून पाणी साठविण्याच्या या विद्येमुळे पूर्व विदर्भात तलाव व बोड्यांचे जाळे तयार झाले. त्यांच्या पाळींवरून जाणारे रस्ते अरुंद, उंच आणि दोन्ही बाजूंनी उघडे असतात. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला खाली उतरणाऱ्या धानाच्या बांध्या. पाळ सरळ दिसते, पण पाण्याचा दाब पेलण्यासाठी आणि डोंगराला टेकण्यासाठी टोकाला वळते, आणि नेमक्या त्या वळणावर पाणी सोडण्याच्या जागेचा ओलावा रस्त्यावर असतो. फिनलंडच्या रॅलीत चढाच्या माथ्यावरून मोटारी हवेत उडतात. येथे उडण्याजोगे काही नाही. येथली कठीणता सरळ वाटणाऱ्या रस्त्याच्या शेवटच्या वीस मीटरांत आहे.

एकाच पाळीची दोन टिपणे लिहिली जातील. वैशाखातील टिपण असे असेल: 'दीडशे, पाळ, डावे तीन, धूळ.' श्रावणातील टिपण त्याच जागी म्हणेल: 'शंभर, पाळ, सावध, डावे दोन, ओले, कापू नका.' अंतर तेच असून श्रावणात दीडशेच्या जागी शंभर लिहिले जाईल, कारण त्या ऋतूत ब्रेक पन्नास मीटर आधी लागला पाहिजे.